निर्मला, तुझा पाय मी तपासला होता

निर्मला, परवा तुझं तेरावं झालं. मी आले होते. पंगतीत तुझ्या जाऊबाई माझ्या शेजारी बसल्या आणि पुरी मोडता मोडता त्यांनी विचारलं, "सिस्टर, तुम्ही तर रोज संगं असायच्या. हार्टचं काहीच कळलं नाय का आधी?" मी म्हणाले, "नाही हो, अचानकच." आणि बुंदी वाढून घेतली. खोटं बोलून झाल्यावर मला चांगली भूक लागली, हेही तुला सांगून टाकते. तुझ्यापासून लपवून आता काय मिळणार आहे?

तुझ्या मिस्टरांनी सगळ्यांना हार्टच सांगितलंय. हॉस्पिटलच्या शोकसभेत मेट्रन 'अल्पशा आजाराने' म्हणाल्या. तुला घरी नेताना डावा पाय गुडघ्याखाली नव्हता, तो दिसू नये म्हणून चादरीखाली उशी ठेवली होती. ती मीच ठेवली, अगदी सरळ, कोपरे दुमडून. शुगरच्या पेशंटना पाय कसा सांभाळायचा ते शिकवणारी बाई पाय सडून गेली, हे कुणाला ऐकायचं नव्हतं. तुलाही ते कळू द्यायचं नव्हतं. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी तू माझं मनगट धरून म्हणालीस, "क्लासमध्ये कळू देऊ नकोस." मी मान हलवली. काल गुरुवार होता. काल मी तो शब्द मोडला. कसा मोडला ते तुला माझ्याकडूनच कळावं.

वीस वर्षं आपण दोघींनी गुरुवार चालवला. सकाळी ओपीडीच्या मागच्या व्हरांड्यात सतरंजीवर पेशंट, दुपारी वरच्या हॉलमध्ये खुर्च्यांवर नव्या नर्सेस. विषय तोच. तू बोलायचीस, मी तक्ते धरायचे. शुगर जुनी झाली की पायाला कळणं बंद होतं. काटा गेला, खडा रुतला, पायाला पत्ता नसतो. म्हणून डोळ्यांनी बघायचं, रोज. अनवाणी एक पाऊलही टाकायचं नाही, घरात, मोरीतसुद्धा नाही. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवायचा आणि त्यावर तळवा धरायचा. हे तू इतक्या वेळा म्हटलंस की सतरंजीच्या कडेला झोपणारं कुत्रंही चप्पल घालून येईल असं मी म्हणायचे.

पण तू शिकवायचीस कशी, तेही आज लिहून ठेवते. शोकसभेत सगळे म्हणाले की तू मायेनं शिकवायचीस. कुठली माया? तुझ्या जिभेला धार होती आणि ती धार गरिबावर जास्त चालायची. गुलमंडीतल्या त्या कापडवाल्या शेटला तू म्हणालीस, "गादीवर बसून पाय लपवता, शेट, कापायला आणलात तर मी ओळख दाखवणार नाही." तो हसला आणि पुढच्या गुरुवारी आला नाही. सोयगावकडच्या बायका पहाटे निघून यायच्या, त्यांना तू तक्त्यावर काडी ठेवून प्रश्न विचारायचीस, आणि उत्तर चुकलं की पुढची बाई हसेपर्यंत थांबायचीस. क्लास संपला की चहा पिताना दर वेळचं ठरलेलं वाक्य, "यांच्या डोक्यात काही शिरत नाही, रेहाना." मी बिस्किट बुडवून 'हो' म्हणायचे. मी काही तुझ्यापेक्षा बरी नव्हते.

कोंडाबाईला तर तू कधी प्रश्नही विचारला नाहीस. बिडकीनकडची, मेंढरं राखणारी, एका पायाची दोन बोटं गेलेली. वाचता येत नाही म्हणून तू तिला मागे बसवायचीस. एकदा तिनं आपणहून सांगितलं की तिच्या घरी आरसा नाही, ती राखेनं घासलेलं स्टीलचं ताट जमिनीवर ठेवून त्यात तळवा बघते. तू म्हणालीस, "त्याच ताटात जेवतेस?" सगळा व्हरांडा हसला. कोंडाबाई म्हणाली, "धुते की, बाई. आन् मेंढराचं खूर रोज उचलून बघतो, मंग आपला पाय बघाया लाज कशाची?" तू पुढच्या तक्त्याकडे वळलीस. तक्ता मीच उलटला होता.

आता आपलं भांडण. तुझं माझं एकच भांडण खरं होतं, बाकीची सगळी चहात विरघळली.

माझी अम्मी आठव. शुगर इतकी खालीवर व्हायची, तरी रोजे सोडायला तयार नाही. एका वर्षी रमजानमध्ये भर दुपारी तू शुगर मोजायचं मशीन घेऊन आमच्या घरी आलीस. अम्मीला घाम फुटला होता, जीभ अडखळत होती. बोट टोचलंस, आकडा बघितलास आणि मला न विचारता पाण्यात साखर ढवळलीस. बैठकीत माझे मामू होते, दोन चुलते होते, त्या सगळ्यांच्या देखत तू तिच्या तोंडाला ग्लास लावलास. "अम्मी, पी लो. गुनाह मेरे नाम पे लिखवा लेना." अम्मी रडत रडत म्हणाली, "तेरे नाम पे कैसे लिखेंगे, तेरा तो रोजा ही नहीं." पण प्याली. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ईदला तिनंच शीरखुर्म्याचा डबा तुझ्याकडे पाठवला, आणि त्यानंतर ती सहा वर्षं जगली. मामू बाहेर येऊन मला म्हणाले होते, "इसको किसने हक दिया?" मला त्या वेळी तुझा राग आला होता आणि तुझे पायही धरावेसे वाटले होते.

तुझी स्वतःची शुगर बारा वर्षांची. हॉस्पिटलात ती मला आणि लॅबमधल्या एकाला ठाऊक होती. पेशंटला सांग म्हटलं की तू म्हणायचीस, "आपणही त्यातलेच आहोत असं कळलं की लोक ऐकत नाहीत." चहाआधी पदराआड गोळी गिळायचीस. तेवढ्यापुरती मी तुझ्यापुढे उभी राहायचे, जाणाऱ्यायेणाऱ्याला दिसू नये म्हणून.

मग दोन वर्षांपूर्वीची ती दुपार. नव्या मुलींना दोऱ्याची तपासणी शिकवायची होती. काडीच्या टोकाला नायलॉनचा दोरा, तो तळव्यावर दहा ठिकाणी टेकवायचा, पेशंटनं डोळे मिटायचे आणि लागलं की हो म्हणायचं. लागत नसेल तर पाय धोक्यात. तू म्हणालीस, "रेहाना, माझ्यावर करून दाखव." खुर्चीवर बसलीस, डोळे मिटलेस. मी टेकवत गेले, तू हो म्हणत गेलीस. सातव्या जागी माझा हात मध्येच थांबला. दोरा हवेत होता, पायाला लागलाच नव्हता. तू म्हणालीस, "हो."

मी तुझ्या तोंडाकडे बघितलं. तू डोळे मिटूनच होतीस आणि आठव्याला, नवव्यालाही ठेक्यात हो म्हणालीस. तपासणीचा क्रम तूच ठरवलेला, किती वेळानं कुठं दोरा टेकतो ते तुला पाठ. समोर चाळीस मुली वह्या उघडून बसल्या होत्या. मी फॉर्मवर दहापैकी दहा लिहिलं, खाली सही केली आणि मुलींना म्हणाले, "असं करायचं." तुझा पाय कधीचाच बहिरा झाला होता, निर्मला. ते तुला कळलं होतं आणि मलाही. आपण दोघी जिना उतरलो. खाली आल्यावर तू विचारलंस, चहा घ्यायचा ना. मी हो म्हणाले.

या वर्षी नवरात्राच्या दुसऱ्या माळेला तू ओपीडीत अनवाणी आलीस. पाय धुळीनं भरलेले, घोट्याला हळद. घरापासून कर्णपुऱ्याच्या देवीपर्यंत पहाटे चालत गेलीस आणि तिथून तशीच ड्यूटीवर. तुझ्या सासूबाई हे नऊ दिवस करायच्या, त्या वारल्यावर थोरल्या जाऊबाईंनी केलं, त्यांचे गुडघे गेले म्हणून आता तुझ्याकडे आलं. मी म्हणाले, "निर्मला, चप्पल." एवढंच म्हणाले. तू रजिस्टरमधून मान वर न करता म्हणालीस, "यात तू बोलू नकोस. हे तुमच्यातलं नाही."

तुमच्यातलं. माझ्या आईच्या तोंडाला ग्लास लावताना तुला हा शब्द सुचला नव्हता.

मी बोलले नाही. आता कुणी मला विचारलं तर मी म्हणू शकते की मी तुझ्या श्रद्धेचा मान राखला. ऐकायला किती छान वाटतं. मुसलमान बाईनं हिंदू मैत्रिणीच्या व्रतात लुडबूड केली नाही, सगळे माझी तारीफ करतील. पण तो मान नव्हता, निर्मला. तो राग होता. पाच माळा, सहा माळा, सात माळा, तू रोज माझ्या डोळ्यांसमोरून त्या पायांनी गेलीस आणि मी मनात म्हणत राहिले, जा, चाल, बघू. तुला काही व्हावं असं मला वाटत नव्हतं. तुला थोडंसं काही व्हावं असं मात्र वाटत होतं. एखादा फोड, एखादी जखम, म्हणजे तुला माझ्यापुढे पाय करावा लागेल आणि मी म्हणेन, दाखव, हे आमच्यातलं आहे. इतक्या वर्षांच्या मैत्रीत मी तुझ्यासाठी मागितलेली ही एक गोष्ट.

तुझ्या मिस्टरांनाही मला फोन करता आला असता. तुझ्या जाऊबाईंनाही सांगता आलं असतं. त्यांनी ऐकलंही असतं, कारण त्या तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत. नाही केला.

दसरा झाला. त्यानंतरच्या गुरुवारी तू मोजे आणि बूट घालून आलीस आणि पंख्याखाली उभी राहून शिकवायला लागलीस. डावा पाय टाचेवर टेकवत होतीस. मला दिसलं. वासही आला, पण मी तो शेजारच्या ड्रेसिंगरूमच्या नावावर टाकला. तू पायाची निगा हाच तक्ता काढायला सांगितलास. काडी ठेवलीस आणि म्हणालीस, "अनवाणी किती पावलं चालायचं?" मागून कोंडाबाई उभी राहिली. सगळ्यांना वाटलं ती उत्तर देते आहे.

ती म्हणाली, "बाई, पाय दावा तुमचा."

तू ऐकलंच नाही असं केलंस. ती सतरंजीवरून पुढं आली. "मेंढरू असं टेकाया लागलं की आमी आधी खूर बघतो. तुमी बूट काढा. लई नाय, जरासं बघते."

तुझा चेहरा पांढरा पडला आणि मग लाल झाला. "आधी स्वतःची बोटं मोज," तू म्हणालीस. यावर कुणी हसलं नाही. तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी तक्ता भिंतीला टेकवला, कोंडाबाईचा दंड धरला आणि तिला तिच्या जागेवर नेऊन बसवलं. "चूप बैठो. मॅडम को ऐसा नहीं बोलते." तिचा दंड वाळक्या काटकीसारखा होता. माझ्या मुठीत पूर्ण मावला. ती बसली. तू पुढं शिकवलंस.

तुला दिवाळीच्या आधी भरती केलं तोवर बोटं काळी पडली होती आणि सूज घोट्यापर्यंत चढली होती. तू घरी स्वतःच ड्रेसिंग करत होतीस, वॉर्डच्या कपाटातल्या गोळ्या खात होतीस. सर्जननं तळव्यातून नारळाच्या करवंटीचा तुकडा काढला, नखाएवढा. देवळाच्या वाटेवर फुटलेल्या नारळांतला असणार. तो आत घेऊन तू उरलेल्या माळा चाललीस, जिने चढलीस, घरी बायकांसोबत फुगडीही खेळलीस म्हणे. तुला काही लागलं नाही.

भरतीच्या वेळी जी मुलगी फॉर्म भरायला आली ती तुझ्याच हाताखाली शिकलेली. फॉर्म तूच तयार केलेला. तिनं खाली मान घालून विचारलं, "मॅडम, पाय रोज बघता का?" तू म्हणालीस, "हो." तिनं खूण केली. "अनवाणी चालता का?" तू म्हणालीस, "नाही." तिनं खूण केली. समोर काळा पाय उघडा पडलेला होता. मी तिच्या हातातून फॉर्म ओढून घ्यायला हवा होता. मी सलाईनची गती बघत उभी राहिले, आणि त्या मुलीला मी रागावूही शकत नव्हते, कारण असंच करायचं हे तिला मीच दाखवलेलं.

बोटं गेली, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय, आणि विष तोवर रक्तात गेलं होतं. शेवटच्या दोन दिवसांत तू मला ओळखत नव्हतीस. त्याचं मला बरं वाटलं, हेही लिहिते. तू ओळखत असतीस तर मला माफी मागावी लागली असती, आणि तू ती दिली नसतीस. तू अशीच होतीस. मला तशीच हवी आहेस आत्ता, आपण चहा प्यायचो त्या या बाकावर, माझ्यावर खेकसणारी. मी तुझ्याशिवाय एकही गुरुवार केला नव्हता गं.

काल मी एकटीनं तक्ते काढले. वाटलं होतं कुणी येणार नाही. सतरंजी भरलेली होती, कापडवाला शेटही आला होता. मी ठरवून गेले होते की हार्ट सांगायचं. पहिल्याच ओळीतल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "मॅडम कशानं गेल्या?" आणि मी तोंड उघडलं तेव्हा हार्ट आलं नाही.

मी म्हणाले, "पाय सडून गेल्या."

मग थांबता आलं नाही. तुझी बारा वर्षांची शुगर सांगितली. अनवाणी नऊ दिवस सांगितले. तो दोरा हवेत होता आणि मी दहापैकी दहा लिहिलं, ते सांगितलं. मी रागानं गप्प राहिले तेही सांगितलं, माझ्या बाजूनं काही न बोलता. तुला उघडं पाडलं, निर्मला, पेशंटांसमोर, ज्यांच्यासमोर तू साधी गोळी गिळत नव्हतीस. सांगताना मला वाटत होतं की आता सगळे हळहळतील, कुणी डोळे पुसेल, कुणी उठून जाईल, कुणी म्हणेल की शिकवणारीचंच असं झालं तर आम्ही कशाला यायचं.

कुणी हललं नाही. सगळे खाली बघत होते.

कोंडाबाई बसूनच बोलली. "आमाला ठाव व्हतं, बाई."

"काय ठाऊक होतं?"

"समदं. त्या पदराआड गोळी खायच्या ते बी. त्या गुरवारी पंख्याखाली हुब्या ऱ्हायल्या, समद्यांना वास आला. बोटं जायच्या आधी माज्या पायाला त्योच वास व्हता."

शेट म्हणाला, "मलाही आला होता, सिस्टर." मी म्हणाले की तुम्ही त्या दिवशी नव्हता. तो म्हणाला, मागं बसलो होतो, मॅडमनी बघू नये म्हणून.

मी विचारलं, मग कुणी बोललात का नाही. हे विचारताना माझा आवाज चढला होता, तुझ्यासारखा. कोंडाबाईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही, मेंढराकडे बघावं तसं.

"म्या बोलले की. तुमीच खाली बशिवलं."

आणि सोयगावची एक बाई, जिला तू कायम उत्तर चुकलं म्हणून उभं करायचीस, ती पदर सारखा करत म्हणाली, "भाईर नळापाशी आमी समद्याजणी बोललो व्हतो. म्हनलं, जाऊन सांगावं का. मंग म्हनलं, नको. त्यांना आपल्यापरीस जास्ती कळतं."

पायाचं सगळं त्या शिकल्या होत्या, निर्मला. आणि हेही आपणच त्यांना शिकवलं होतं.